एकच शाळा, दोन इयत्ता, दोन वाटा: नाकारलेल्या प्रवेशाचे एक प्रकरण

पश्चिम विदर्भात, पैनगंगेच्या बाजूच्या एका तालुक्यातील हे प्रकरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीचे आहे. एकाच कुटुंबातील दोन मुलांना, धाकट्या बहिणीला आठवीत आणि मोठ्या भावाला नववीत, एकाच अनुदानित माध्यमिक शाळेने एकाच दिवशी आणि एकाच कारणाने प्रवेश नाकारला. दोघांनाही शेवटी त्याच शाळेत प्रवेश मिळाला, परंतु ज्या आधारावर तो मिळाला ते आधार पूर्णपणे वेगळे होते आणि हा वेगळेपणा वेळेवर ध्यानात आला नसता तर दोघांपैकी एकाचे वर्ष वाया गेले असते. गावाचे, शाळेचे आणि कुटुंबाचे नाव येथे दिलेले नाही. अर्ज लिहून देण्याच्या निमित्ताने मी पहिल्या आठवड्यापासून या कुटुंबासोबत होतो, त्यामुळे माझा कल त्यांच्याकडे झुकलेला असणे स्वाभाविक आहे. तरीही शाळेची अडचण जेवढी समजली तेवढी येथे मांडली आहे.

वडिलांची तीन एकर कोरडवाहू शेती आहे, कपाशी आणि तुरीची. तेवढ्यावर भागत नाही म्हणून ते सहा वर्षे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कंत्राटी कामगार होते आणि मुले तेथील एका खाजगी विनाअनुदानित शाळेत शिकत होती. एप्रिलमध्ये कंत्राट संपले आणि नवे मिळाले नाही, तेव्हा खरिपाच्या तोंडावर कुटुंब गावी परतले. मुलगी सातवी आणि मुलगा आठवी उत्तीर्ण झाला होता. दोघांचे मिळून सुमारे चोवीस हजार रुपये शुल्क थकलेले होते आणि ते भरल्याखेरीज शाळा सोडल्याचा दाखला मिळणार नाही, असे जुन्या शाळेने व्हॉट्सॲपवर कळवले होते. हा संदेश वडिलांनी रागाच्या भरात पुसून टाकला नाही, ही या प्रकरणातली पहिली चांगली गोष्ट.

गावातली जिल्हा परिषद शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीसाठी चार किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावातील अनुदानित हायस्कूल हाच व्यवहार्य पर्याय, कारण त्यानंतरची शाळा थेट तालुक्याला, म्हणजे सतरा किलोमीटरवर. मानव विकास कार्यक्रमातली मुलींची निळी बसही याच हायस्कूलपर्यंत येते. म्हणून ‘इथे नाही तर दुसरीकडे बघा’ हे वाक्य शहरात जेवढे साधे वाटते तेवढे ते खेड्यात नसते. मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आणि मुलाला सवलतीचा पास मिळाला असता, परंतु सकाळी निघून दिवेलागणीला परतणाऱ्या एकमेव एसटीवर तेरा वर्षांच्या मुलीला रोज पाठवायला आई तयार नव्हती. दुसऱ्या शाळेकडे बोट दाखवणे म्हणजे येथे मुलीचे शिक्षण थांबवणेच होते.

उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. त्या वर्षी त्या १ जुलैला उघडल्या. वडील ३ जुलैला दोन्ही मुलांना घेऊन हायस्कूलमध्ये गेले. कार्यालयातील बाबूंनी दाखले मागितले. दाखले नाहीत म्हटल्यावर वर्ग भरलेले आहेत असे सांगितले आणि मुलासाठी एक सल्लाही दिला: यंदा घरी बसू द्या, पुढे दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून टाका. चौदा वर्षांच्या, नियमित शाळेत जाणाऱ्या मुलाला बाहेरून परीक्षा देण्याचा सल्ला इतक्या सहजपणे दिला जावा, याचे मला आजही आश्चर्य वाटते. मुलीला मात्र मुख्याध्यापकांनी आत बोलावून इंग्रजीचा एक परिच्छेद वाचायला लावला आणि तिचे वाचन अडखळल्यावर ‘आमच्या आठवीला हिचा निभाव लागणार नाही’ असा अभिप्राय दिला.

या सगळ्यातला एकही शब्द कागदावर नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही, कारण वरच्या अधिकाऱ्याने विचारताच शाळा एवढेच म्हणते की असे पालक आमच्याकडे आलेच नाहीत, किंवा आले होते पण अर्ज न करताच परत गेले. वडील ८ जुलैला पुन्हा गेले आणि हात जोडून म्हणाले, “नाही म्हनता तं तसं लिहून द्या ना जी.” त्यावर बाबूंचे उत्तर होते, “शाळा नाही असं कधी लिहून देत असते काय?” देत नसते, हे खरेच आहे. म्हणून आम्ही नकार लिहून मागण्याचा नाद सोडला आणि मागणी लिहून देण्याचे ठरवले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाचा स्वतंत्र अर्ज तयार झाला. एकाच अर्जात दोघांची नावे घालण्याचा वडिलांचा आग्रह होता, कारण भांडण एकच आहे असे त्यांना वाटत होते. तो मोडावा लागला. अर्जात तीनच गोष्टी होत्या: कोणत्या इयत्तेत प्रवेश हवा आहे, ३ आणि ८ जुलैला प्रत्यक्ष येऊनही प्रवेश मिळाला नाही व त्यावेळी कोणती कारणे सांगितली गेली, आणि सात दिवसांत प्रवेश द्यावा अथवा न देण्याचे कारण लेखी कळवावे. जन्म दाखला, आधार, मागील वर्षाचे प्रगतिपुस्तक आणि त्यावरचा विद्यार्थ्याचा पेन क्रमांक (कायमचा शिक्षण क्रमांक) यांच्या प्रती जोडल्या. कार्यालयाने अर्ज आवक करून घेण्यास नकार दिल्यामुळे तेच अर्ज तेथूनच डाकघरात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवले. डाकघराची पावती हीच पोच ठरली. सात दिवसांत उत्तर आले नाही. पण न आलेले उत्तरही आता पुरावा झाले होते.

कायदा कोणत्या इयत्तेपर्यंत

येथे दोन्ही मुलांच्या वाटा फुटतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तो पहिली ते आठवीच्या शिक्षणाला लागू आहे. आपल्याकडे आठवी बहुधा हायस्कूलच्या इमारतीत भरते, तिथले शिक्षक माध्यमिकचे असतात आणि शाळेचा कारभारही शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडे असतो. त्यामुळे आठवी ‘माध्यमिक’ असल्याने हा कायदा तिला लागत नाही, असा समज पालकांमध्येच नव्हे तर काही शाळांच्या कार्यालयांतही घट्ट बसलेला आहे. कायदा इमारत पाहत नाही, इयत्ता पाहतो. एकाच व्हरांड्यातल्या एका खोलीत बसणाऱ्या मुलांना त्याचे संरक्षण आहे आणि शेजारच्या खोलीतल्यांना नाही.

मुलीच्या तक्रारीला त्यामुळे भक्कम पाया मिळाला. कलम ५ प्रमाणे कोणत्याही कारणाने एका शाळेतून दुसऱ्या शासकीय अथवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क मुलाला आहे, आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ दिला पाहिजे, आणि दाखला सादर करण्यात झालेला उशीर हे नव्या शाळेला प्रवेश लांबवण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. दाखला अडवणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. कलम १४ वयाचा पुरावा नसल्याच्या कारणाने प्रवेश नाकारू देत नाही आणि कलम १५ नुसार उशिरा आलेल्या मुलालाही परत पाठवता येत नाही. इंग्रजीचा तो परिच्छेद कलम १३ मध्ये बसतो: प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी लावता येत नाही आणि लावल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वडिलांना ही बाब किरकोळ वाटत होती. तक्रारीत ती घालावी असा आग्रह आईचा होता, कारण त्या दिवसापासून मुलगी शाळेचे नाव काढले की गप्प बसत होती.

मुलाचे तसे नव्हते. नववीला हा कायदा लागत नाही. नववी-दहावीचे प्रवेश मुख्यतः माध्यमिक शाळा संहितेनुसार चालतात, आणि ही संहिता म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा नव्हे तर शासनाच्या सूचनांचा संच आहे. मुलाचा आधार होता शालेय शिक्षण विभागाचा जून २०२१ मधील निर्णय. कोरोनाच्या काळात शुल्क थकल्यामुळे खाजगी शाळांनी दाखले अडवल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा दाखल्याअभावी नववी आणि दहावीचाही प्रवेश नाकारू नये आणि जन्मतारखेचा पुरावा घेऊन वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा, असे शासनाने शाळांना बजावले होते. आमच्या प्रकरणाशी हा निर्णय शब्दशः जुळत होता. अधिनियमाच्या कलमाइतके वजन मात्र शासन निर्णयाला नसते. कलमाचा भंग झाला तर कायद्यातच तक्रार, सुनावणी आणि अपील यांची वाट आखून दिलेली आहे. शासन निर्णय पाळला नाही तर शिक्षणाधिकारी, त्यानंतर विभागीय शिक्षण उपसंचालक आणि शेवटी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ अशी प्रशासकीय पायरी चढत जावे लागते आणि त्या पायऱ्यांवर उत्तर किती दिवसांत द्यायचे याचे बंधन या निर्णयात नाही.

दोन अर्ज वेगळे ठेवण्याचे कारण हेच होते. एकत्र तक्रार केली असती तर ‘नववीला हा कायदा लागू नाही’ एवढ्या एका वाक्यावर मुलीचेही प्रकरण बाजूला ठेवता आले असते.

तक्रार आणि सुनावणी

मुलीची तक्रार कलम ३२ खाली होती. या कलमाप्रमाणे तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे, लेखी करावयाची असते. दोन्ही बाजूंना ऐकून घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि तो मान्य नसल्यास राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. ऐकायला हे छान वाटते, परंतु जुलैत केलेल्या तक्रारीचा निकाल ऑक्टोबरात लागला तर सहामाही परीक्षा तोंडावर आलेली असते. म्हणून तक्रारीत दुसरी मागणी घातली की अंतिम निर्णय होईपर्यंत मुलीला वर्गात बसू द्यावे. माझ्या मते संपूर्ण तक्रारीत याहून महत्त्वाचे वाक्य दुसरे नव्हते. मुलाची तक्रार त्याच दिवशी शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडे स्वतंत्रपणे दिली, तिची प्रत अमरावतीच्या विभागीय शिक्षण उपसंचालकांना आणि दोन्ही तक्रारींच्या प्रती पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिल्या. जिल्हा परिषदेच्या आवक विभागात वडिलांनी प्रत्येक प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. त्यासाठी त्यांचा एक दिवस आणि एक मजुरी गेली. डवरणीचे दिवस होते.

याच काळात आमच्याकडून एक चूक झाली, तीही सांगायला हवी. वर्ग भरल्याचे शाळेचे म्हणणे खोडण्यासाठी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली आठवी-नववीची पटसंख्या आणि मंजूर तुकड्यांची माहिती मागवली. अनुदानित शाळेला तो कायदा लागतो, त्यामुळे अर्ज चुकीचा नव्हता. पण उत्तराला तीस दिवसांची मुदत, आणि तीस दिवस थांबण्याची सोय आमच्याजवळ नव्हती. उलट हा अर्ज मिळताच शाळेचे वागणे आणखी ताठर झाले. प्रवेशाच्या लढाईत तो अर्ज शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा, असे आता वाटते.

जे माहिती अधिकाराने वेळेत साधले नसते ते विस्तार अधिकाऱ्यांच्या भेटीत दहा मिनिटांत साधले. तक्रारीवर त्यांना चौकशीसाठी पाठवण्यात आले होते आणि त्यांनी सर्वप्रथम शाळेचे जनरल रजिस्टर मागितले. जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक प्रवेशाला क्रमाने नोंद क्रमांक पडतो आणि समोर तारीख असते, त्यामुळे मागाहून मध्येच काही घुसवणे अवघड असते. आठवीत ३ जुलैनंतर चार आणि नववीत दोन नावे चढलेली होती. जागा नव्हती तर ही सहा मुले कोठे बसली, या प्रश्नाला उत्तर नव्हते. हजेरीपटावरची नावेही तेच सांगत होती. अधिकाऱ्यांनी दोन्ही पानांच्या साक्षांकित प्रती अहवालाला जोडल्या. पालकांना हे रजिस्टर स्वतः तपासता येत नाही, परंतु ‘नकाराच्या तारखेनंतरच्या नोंदी तपासाव्यात’ अशी मागणी तक्रारीत करता येते, आणि आमच्या तक्रारीत ती होती.

सुनावणी जुलैच्या अखेरीस जिल्हा परिषदेत झाली. तेथे मुख्याध्यापकांनी जे सांगितले त्यात मला तथ्य वाटले. विदर्भातील ग्रामीण हायस्कुले एरवी मुलांसाठी आसुसलेली असतात. उन्हाळ्यात शिक्षक गावोगाव फिरून सातवीच्या मुलांची नावे गोळा करतात, कारण शिक्षकांची पदे पटसंख्येवर टिकतात. मग आलेली दोन मुले का परत पाठवली? कारण संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवताना, मूल मोजले जाण्यासाठी ते शिक्षण विभागाच्या विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलवर, आधार पडताळणीसह, त्याच शाळेच्या नावावर असावे लागते. जुनी शाळा दाखला देत नाही तेव्हा बहुधा पोर्टलवरूनही नाव सोडत नाही. असे मूल वर्गात बसते, पुस्तके आणि पोषण आहार मागते, पण शाळेच्या हिशेबात ते नसतेच. ही अडचण खरी आहे, परंतु ती शाळा आणि शिक्षण विभाग यांच्यातली आहे आणि तिचा भार मुलावर टाकण्याची मुभा कोणताही नियम देत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांनीही साधारण हेच म्हटले. इंग्रजी वाचनाविषयी विचारले असता मुख्याध्यापकांनी ते ‘सहज ओळख करून घेण्यासाठी’ होते असे सांगितले. आदेशात त्या मुद्द्यावर समज देण्यात आली, दंडाची कारवाई झाली नाही.

आदेश दोन निघाले. पहिल्यात मुलीला जन्म दाखल्याच्या आधारे तात्काळ प्रवेश देण्याचे निर्देश होते आणि ती ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वर्गात बसली. दुसऱ्यात मुलाला २०२१ च्या निर्णयानुसार तात्पुरता प्रवेश देण्यास सांगितले होते. त्याचा प्रत्यक्ष प्रवेश आणखी दहा दिवसांनी झाला, कारण शाळेने आधी हमीपत्र मागितले. तीन महिन्यांत दाखला न आणल्यास प्रवेश रद्द करण्यास आमची हरकत राहणार नाही, असा मजकूर त्यात होता. मुलीसाठीही तसेच छापील हमीपत्र पुढे केले गेले, तेव्हा वडिलांनी त्यातले हे वाक्य खोडून मगच सही केली, कारण आठवीच्या मुलीचा प्रवेश दाखल्याअभावी रद्द करण्याला कायद्यात जागाच नाही. मुलाच्या हमीपत्रावर मात्र त्यांनी जसेच्या तसे सही केली. त्या दिवशी मी सोबत नव्हतो. असतो तर ‘दाखला मिळवण्यासाठी पालक सर्व प्रयत्न करतील’ एवढेच लिहून देण्याचा आग्रह धरला असता, कारण दाखला देणे पालकांच्या हातात नसतेच.

मुलाच्या बाबतीत आदेश विरुद्ध गेला असता तर काय, याची तयारीही करून ठेवली होती. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. बाल हक्क आयोगाकडेही मुलासाठी जाता आले असते, कलम ३२ चे अपील म्हणून नव्हे तर बालकाच्या हक्काचा भंग झाल्याची स्वतंत्र तक्रार म्हणून. यांपैकी कशाचीच वेळ आली नाही.

दाखले

प्रवेश झाला तरी दाखल्याचा प्रश्न शिल्लक होता आणि मुलाच्या हमीपत्रामुळे त्याला मुदत लागली होती. थकलेले शुल्क हे देणे आहे आणि शाळेला ते कायदेशीर मार्गाने मागता येते, हे वडिलांनी कधीच नाकारले नाही. दर महिन्याला एक हजार रुपये देण्याची तयारी त्यांनी जुन्या शाळेला लेखी कळवली. मात्र त्यासाठी दाखला ओलीस धरता येत नाही, हे त्याच पत्रात कलम ५ चा उल्लेख करून लिहिले आणि पुण्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत पाठवली. येथेही मुलीचे प्रकरण पुढे ठेवले, कारण शिस्तभंगाची तरतूद तिच्याच बाबतीत लागू होती. सप्टेंबरच्या मध्याला एका पाकिटात दोघांचेही दाखले आले. ३० सप्टेंबरची पटसंख्या धरली जाण्याआधी पोर्टलवर मुलीचे नाव नव्या शाळेत आले, मुलाचे आले नाही. ते पुढे दिवाळीनंतर सरकले.

माहिती अधिकाराच्या अर्जाचे उत्तर याच सुमारास मिळाले. आपल्या पाल्यांचा प्रवेश झालेला असल्याने सदर माहितीची आवश्यकता राहिलेली नाही, असे त्यात होते. हे उत्तर कायद्याला धरून नाही, माहिती का हवी हे विचारण्याचाच अधिकार कार्यालयाला नाही. परंतु प्रथम अपील करण्याऐवजी वडिलांनी कापूस वेचणीला जाणे पसंत केले आणि मीही आग्रह धरला नाही.

आलेल्या दाखल्यांवर ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांची बदली’ असे लिहिलेले होते. दाखले हायस्कूलच्या कार्यालयात जमा करताना वडिलांनी बाबूंना मुलाचे हमीपत्र परत मागितले. ते फाइलला लावले असल्याने परत मिळणार नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्यांनी सोबत आणलेला, दोन प्रतींत लिहिलेला अर्ज पुढे केला, दुसऱ्या प्रतीवर दाखले मिळाल्याची तारखेसह पोच घेतली आणि ती घडी घालून पिशवीत ठेवली.